जात्याचा खालचा दगड

लातूर, ५ फेब्रुवारी

अंबिका,

फोन तू उचलत न्हाईस. मेसेजवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढं सगळं सामसूम. म्हणून शेवटी कागद घेऊन बसलो. घरच्या पत्त्यावर पत्र टाकलं असतं तर तुझ्या वडलांनी न फोडताच खुंटीला अडकवलं असतं, म्हणून शाळेच्या पत्त्यावर टाकून राहिलो. चार मास्तरांसमोर हातात पडलं की घ्यावंच लागेल. मुद्दाम केलं असंच समज.

लोकांच्या बायका लातूर मिळावं म्हणून जिल्हा परिषदेचे उंबरे झिजवतात. माझी बायको हातातली लातूरची शाळा सोडून बदलीत मुखेड मागून घेते, माहेरी जाऊन राहते, सात वर्षांची पोरगी संगं नेते. कारण काय, तर नवरा घरात टर्नटेबल बनवून राहिला. दारू पीत असतो तर निदान लोकांना समजून तरी सांगता आलं असतं. आता कुणी विचारलं तर काय सांगू? बायको रेकॉर्ड प्लेअरवर रुसली? वर्कशॉपमधली पोरं तोंड फिरवून हसतात. मला काय दिसत न्हाई का?

तुझं म्हणणं, घरात चालायची चोरी झाली. आता हे जरा डोकं शांत ठेवून ऐक, मी बी शांतपणेच लिहितो. रेकॉर्डवरच्या रेषेत गाणं असतं. सुई त्या रेषेतनं जाते आणि केसापेक्षा बारीक हलते, त्या हलण्याचंच गाणं होतं. पण सुईला गाणं कोणतं आणि गिरणी कोणती हे कळत न्हाई. जे हलतं ते सगळं ती वाजवते. मागची डाळमिल सुरू झाली की तिची घरघर गाण्यात. रस्त्यावरून ट्रक गेला, गाण्यात. कुणी पाय आपटत खोलीतनं गेलं, ते बी गाण्यात. मग मी म्हणलं की बाबांनो, रेकॉर्ड चालू असताना जरा हळू पाऊल टाका, तर काय गुन्हा केला? कुणाच्या पायात बेड्या घातल्या का?

त्या दिवशी सृष्टीनं पलंगावरून उडी मारली आणि सुई रेकॉर्डवरून चर्रकन घसरली, तेव्हा मी ओरडलो. मान्य. हात उगारला न्हाई. आणि तू लगेच, "तुमच्या सुईला जपता जपता माझी पोरगी मुकी व्हायची." एवढं मोठं बोलायची गरज होती का? पोरं रडतात, गप होतात, मुकी होत न्हाईत.

समोरच्या खोलीतल्या खड्ड्याचं बी तू साऱ्या नात्यात हसं केलंस. तो खड्डा न्हाई, पाया हाय. आपलं घर काळ्या मातीवर. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, फरशी कधी जागेवर राहतच न्हाई. मशीन सपाट लावलं की महिन्यात तिरकं. म्हणून फरशी फोडून खाली मुरूम लागेपर्यंत गेलो आणि तिथून सिमेंटचा खांब वर आणला. फरशीला त्याचा कुठं स्पर्श न्हाई, चारी बाजूंनी बोटभर फट ठेवली. तुझी मावशी आली आणि विचारते, ही समाधी कुणाची? तू तिच्यासंगं पोट धरून हसलीस. मी हसलो न्हाई, हे तुझ्या लक्षात असेल.

मुद्द्यावर येतो. २ मार्चला नांदेडला दातांच्या डॉक्टरांकडं, सुदर्शनरावांकडं, रेकॉर्डवाले जमणार हायेत. त्यांच्याकडं परदेशी मशीन हाय. त्याच्या शेजारी माझं ठेवायचं, मधात पडदा लावायचा, आणि ऐकणाऱ्यांनी सांगायचं कोणतं चांगलं. मुखेडहून नांदेड काय लांब न्हाई. सृष्टीला घेऊन ये. एकदा कानानं ऐक, मग बोल. आणि तिथून सरळ लातूरला चल. लई झालं आता.

संगमेश


लातूर, १४ फेब्रुवारी

अंबिका,

माझ्या पत्राला उत्तर न्हाई, पण आईला रोज फोन. रोज! सासूसुनांचं असं गूळपीठ मी कुठं पाहिलं न्हाई. ती दारात बसून हळू आवाजात बोलते आणि मी आलो की "बरं, ठेवते" म्हणते. माझ्याच घरात मी चोर.

आज आईकडून तुझा निरोप आला. निरोप कसला, हुकूम. करिश्माचं लग्न ठरलंय, हळद तुझ्या आईच्या जात्यावरच दळायची, जातं पाठवून द्या.

करिश्माचं ठरलं, लई आनंद झाला. मला मेहुणी एकच, तिच्या लग्नाचं मला आईच्या तोंडून कळावं, ते सोड. पण जात्याचं मला जरा समजून घे.

तू म्हणतेस, न विचारता नेलं. अंबिका, मी विचारलं होतं. तू आरशासमोर उभी होतीस, तोंडात पिना होत्या, साडी नेसून राहिली होतीस. मी म्हणलं, तुझ्या आईच्या जात्याचा खालचा दगड जरा घेतो. तू मान हलवलीस. आता ती हो म्हणून हलवली की न्हाई म्हणून, हे मी बघत बसलो न्हाई. शाळेची घाई तुझी, दुकानाची घाई माझी.

आणि मला हौस होती का? रेकॉर्ड ज्याच्यावर ठेवतात ते फिरतं ताट, प्लॅटर म्हणतात त्याला, ते जड पायजे आणि मुकं पायजे. जड असलं की एकसारखं फिरतं. मुकं असलं की सुईचा स्वतःचा आवाज परत सुईत येत न्हाई. ॲल्युमिनियमचं केलं, बोटानं टिचकी मारली की टण्ण. ग्रॅनाइटचं कापून आणलं, तेबी टण्ण. खाली ट्रॅक्टरच्या टायरचं रबर, त्यावर सागवान, परत रबर, वर लोखंडी पाटा, असे थर लावले. नुसतं लोखंड घंटेसारखं वाजतं, नुसतं लाकूड गुणगुणतं, दोघांच्या मधात रबर दाबून बसवलं की दोघंबी गप. तसं खालचं सगळं गप केलं, पण ताट काही ऐकेना. आईची घोंगडी कापून ताटावर अंथरून पाहिली. आई दोन दिवस बोलली न्हाई.

मग एक दिवस मागच्या पडवीत तुझं जातं दिसलं. सहज टिचकी मारली. थप्प. बस्स, एवढंच. पुढं काही न्हाई. परत मारली, थप्प. मी तिथंच खाली बसलो. मधात खिळ्याचं भोक बी तयार. कुणी माझ्यासाठीच घडवून ठेवलाय असं वाटलं मला. तुला ऐकून राग येईल, पण वाटलं ते लिहिलं.

तेव्हापासून तो दगड घासून राहिलो. आधी कडा गोल केल्या, मग तोंड. लोखंडी पाट्यावर एमरीची पूड टाकून, पाणी टाकून, हातानं. डाळमिलचे रोल मशीनवर घासायला मला अर्धा दिवस पुरतो, ह्या दगडाला दिवाळीपासून हात लागलेत. आता त्यात तोंड दिसतं. डायल लावून पाहिलं तर काटा हलत न्हाई. खाली पोलादी शाफ्ट, ब्राँझचं बुश आणि बुडाशी एकच छर्रा. हातानं एक झोका दिला की आई कोपऱ्यावरून चहापत्ती घेऊन येईस्तोवर फिरत राहतं.

आणि आता तू म्हणतेस हळद दळायची.

हे बघ, मुरुडच्या बाजारात नवीन जाती मिळतात. सगळ्यात चांगलं निवडून, पूजा करून, स्वतः आणून देतो. न्हाईतर हळद मसाल्याच्या गिरणीवर दळून आणा ना, आजकाल सगळेच तसंच करतात. जात्याला नुसता हात लावायचा आणि गाणी म्हणायची. तुझी आई असती तर तिनंबी हेच सांगितलं असतं.

शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खोड ते." मी खोडलं न्हाई.

संगमेश


लातूर, २४ फेब्रुवारी

अंबिका,

तुझा एका ओळीचा निरोप मिळाला. "माझी आई असती तर जातं जातंच राहिलं असतं." आईनं तो मला जेवताना सांगितला. भाकरी तशीच ताटात राहिली.

पण आज ते न्हाई. आज वेगळंच लिहायचंय.

काल डाळमिल बंद होती, त्यांच्याकडं कुणाचंतरी लग्न. सकाळी मी तो दगड बसवला, रेकॉर्ड लावली, सुई ठेवली. गाणं सुरू व्हायच्या आधी रेषा मोकळी असते बघ, तिथं नेहमी काहीतरी असतंच, घर्र, सर्र, काहीतरी. काल तिथं काहीच नव्हतं. मला वाटलं तार सुटली. तेवढ्यात सारंगी लागली. अगं, समोर येऊन बसल्यासारखी. दोन वर्षं ज्याच्यापायी हैराण झालो ते झालं! मी मोठ्यानं ओरडलो, "सृष्टे, पळत ये!" आणि मग आठवलं, तू न्हाईस, ती न्हाई. आई न्हाणीघरातून म्हणाली, "कुणाला हाका मारतो रे?" मला लई एकटं वाटलं, अंबिका. हे मी कुणाला बोललो न्हाई.

मग दगड काढला, शाफ्टला तेल घालायचं होतं म्हणून. पडवीत स्वच्छ फडक्यावर ठेवला, वर दुसरं फडकं झाकलं, आणि बाजारात तेल आणायला गेलो.

परत आलो तर गल्लीत टक टक टक. टकटक म्हणजे शरणम्मा. ती टाकीवाली, उदगीरकडची, वर्षातनं एकदा येते आणि दारोदार जाती-पाटे छन्नीनं टाचून, खडबडीत करून देते. मी मनात म्हणलं, कुणाचंतरी चाललंय. दार उघडलं तर ती आपल्याच पडवीत. मांडीशी तो दगड, हातात छन्नी हातोडी, आणि आई समोर पाटावर बसून सांगून राहिलीय, "कडेला जरा दाट मार, लग्नाला जायचंय ते."

मी काय बोललो ते मला आठवत न्हाई. शेजारच्या काकू धावत आल्या एवढं आठवतं. शरणम्मा तर उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिली, बिचारी. तिचा काय दोष? तिला बोलावलं, ती आली.

आई मात्र जागची हलली न्हाई. म्हणली, "ओरडू नको. सुनबाईचं जातं तिच्या माहेरी लग्नाला चाललंय. बोथट जातं कुणी पाठवतं का? लोकं काय म्हणतील, सासूनं झिजवून झिजवून परत केलं? मी पाहिलं, तर दगड पार काचेसारखा गुळगुळीत. दातच न्हाईत. म्हणलं बरं झालं शरणम्मा आली."

"आई, मी तो मुद्दाम गुळगुळीत केलाय! दिवाळीपासून!"

"जातं?"

"ते जातं न्हाई, प्लॅटर हाय!"

"संगू," आई म्हणली, "तुझ्या लग्नात ते ह्या घरात डोक्यावरून आलंय. मला नको सांगू काय हाय ते."

सगळ्या तोंडावर टाके पडलेत. मधल्या भोकापासून कडेपर्यंत, एकबी जागा सोडली न्हाई. काम मोठं सुबक केलंय हे वेगळं. मी त्यावर हात फिरवला तर बोटाला खरखर लागली आणि मला रडू आलं. हाव, रडलो. चाळीस वर्षांचा घोडा पडवीत बसून रडला, आणि आईनं शरणम्माला चहा दिला.

तू सांगितलं होतंस का तिला टाकी लावायला? खरं सांग. तू सांगितलं असलं तर मला जन्मात विसरता यायचं न्हाई.

संगमेश


लातूर, ४ मार्च

अंबिका,

तू सांगितलं नव्हतंस. आईनं शपथ घेऊन सांगितलं, तिचं तिनंच केलं. बरं. मागचं वाक्य मागं घेतो.

पुढचं आई तुला सांगणारच, तिखटमीठ लावून, म्हणून आधी मीच सांगतो. नांदेडला जायला चारच दिवस उरले होते आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी तो दगड वर्कशॉपमध्ये नेला आणि ग्राइंडिंग मशीनवर चढवला. म्हणलं हाताचं राहू दे, मशीननं टाके उडवू, वरचा एक थर गेला तर गेला. जातं पातळ झालं असतं, परत दळायच्या कामाचं राहिलं नसतं, हे मला माहीत होतं. माहीत असून चढवला. चाक दगडाला टेकणार तेवढ्यात लाईट गेली. मी म्हणलं, गेली वाटतं गावाची. बघतो तर शेजारच्या दुकानात पंखा चालू.

आई. घरून रिक्षा करून आली, मेन स्विच खाली पाडला आणि त्याच्यापुढं खुर्ची टाकून बसली. पोरं बघून राहिलेत, एक गिऱ्हाईक रोल घेऊन उभं. मी म्हणलं, "आई ऊठ, तमाशा नको." तर म्हणते, "मी कुठं काय बोलले? मी बसले." गिऱ्हाईकानं तिला पाणी आणून दिलं! माझ्या दुकानात, माझं गिऱ्हाईक, माझ्या आईच्या बाजूनं! शेवटी दगड उतरवला तेव्हा उठली.

सुदर्शनरावांना फोन केला, येत न्हाई म्हणलं. ते म्हणाले, "अहो, जुनं ॲल्युमिनियमचं ताट लावून या की." मी म्हणलं, टण्ण वाजणारं घेऊन पडद्यामागं बसायला मी काय वेडा हाय का. रविवारी घरीच होतो. तिकडं परदेशी मशीन एकटंच वाजलं असेल आणि सगळ्यांनी माना डोलावल्या असतील. मला जेवण गेलं न्हाई.

तू बी नांदेडला जाणार नव्हतीस म्हणे. आईनं सांगितलं. मी गेलो असतो तरी तू आली नसतीस. मग मी कुणासाठी एवढी धडपड करून राहिलो होतो, सांग बरं मला? त्या पाच-सहा म्हाताऱ्यांसाठी? मी तुला ऐकवायला बनवलं होतं. तू एकदा ऐकलं असतंस, तोंडानं "बरं झालंय" म्हणली असतीस, तर माझा दोन वर्षांचा शीण गेला असता. पण न्हाई. जिद्द म्हणजे जिद्द.

असो. येत्या रविवारी जातं घेऊन येतो. पार्सलला टाकणार न्हाई, एस टीवाले आपटतात. दोन्ही दगड, खुंटा, सगळं आणतो. टाचल्यावर पहिली दोन पसा ज्वारी दळून टाकून दिली, खडे निघतात म्हणून. आता हळदीला चालेल.

मी फक्त जातं द्यायला येतोय. तुला न्यायला न्हाई. पण तू बॅग भरून ठेवलीस तर माझी काही ना न्हाई. करिश्माचं लग्न झालं की पुढच्या बदल्यांमध्ये लातूर परत मागता येतं, मी चौकशी केलीय. घरात जे काही नियम लावलेत ते बी थोडे सैल करू. एक तास फक्त. दिवसातनं एकच तास शांतता पायजे, बाकी तेवीस तास नाचा. ह्याच्यापेक्षा जास्त कोणता नवरा देईल?

संगमेश


मुखेड बस स्टँड, ९ मार्च

अंबिका,

लातूरची गाडी लागायला वेळ हाय. बाकड्यावर बसून लिहून राहिलो. जाताना शेजारच्या पेटीत टाकीन, उद्या परवा मिळेल.

तू मला दारापर्यंत सोडायला आलीस आणि म्हणलीस, "काही बोलायचं होतं का?" मी न्हाई म्हणलं. खोटं होतं. शिरूर ताजबंदला गाडी बदलेपर्यंत मी सगळं पाठ केलं होतं. आधी जातं पुढ्यात ठेवायचं, मग म्हणायचं, बघ, माझ्या दोन वर्षांवर पाणी सोडून आणलंय. मग तो एका तासाचा हिशोब. मग, चल आता. कंडक्टरनं जात्याचं वेगळं तिकीट फाडलं त्याची बी तक्रार करणार होतो. ह्यातलं एकबी का बोललो न्हाई ते सांगतो, नीट वाच.

तुमच्या गल्लीत वळलो तर वरून धपाधप आवाज. मला वाटलं गच्चीवर कुणी हरभरा बडवून राहिलंय. जवळ आलो तर हसणं ऐकू आलं. सृष्टी. चार-पाच पोरी असतील, पण तिचं हसणं मी ओळखलं, आणि मग वाटलं, ओळखलं कसं, असं खदखदून हसताना मी तिला कधी ऐकलंय? मला आठवेना. दोन्ही हातात ओझं, तरी तिथंच उभा राहिलो जरा.

मग मामांनी, तुझ्या वडलांनी, मला दारातून पाहिलं आणि वर तोंड करून हाक मारली, "सृष्टे! तुझे पप्पा आले!"

आणि आवाज थांबला. तिचाच न्हाई, सगळ्या पोरींचा. तिनं त्यांना काय सांगून ठेवलंय कोण जाणे. मी आत येऊन बसलो, जातं मांडीशी, घोंगडीत गुंडाळलेलं तसंच. तू आत चहा ठेवून राहिली होतीस. जिन्याकडं माझी नजर, पण पोरगी कधी खाली आली ते मला कळलंच न्हाई. वर बघतो तर समोर उभी. भिंतीला एक हात, आणि टाचा उचललेल्या. अंबिका, तिथं मशीन न्हाई, रेकॉर्ड न्हाई, काही न्हाई. तुमची फरशी, तुमचं घर. मी नुसता येऊन बसलो होतो.

तिनं त्या घोंगडीकडं पाहिलं आणि मला विचारलं. तू आत होतीस, तुला ऐकू आलं नसेल. मला बी ऐकू येईना, वाकावं लागलं. ती म्हणली, "पप्पा, हे इथं बी लावायचंय का?"

मी म्हणलं, "न्हाई बाळा, हे आज्जीचं जातं हाय. मावशीच्या हळदीचं."

तिनं मान हलवली. हसली सुद्धा. आणि तशीच टाचा उचलून, कडेकडेनं, तुझ्याकडं स्वयंपाकघरात गेली. तिला पटलं न्हाई, का सवय झालीय, का मला बघितलं की तिचे पाय आपोआप तसे होतात, मला कळलं न्हाई. विचारायची हिंमत झाली न्हाई.

मग तू चहा आणलास. चांगला होता, मी सांगितलं न्हाई. करिश्मा पाया पडली, तिला बी काही बोललो न्हाई. मामांना वाटलं मी अजून रागात हाय. रागात मी हायच, पण कुणावर ते मला आता सांगता येईना. दोन वर्षं मी जमिनीला कान लावून बसलो, थरथर कुठून येते ते शोधत. डाळमिल सापडली, ट्रक सापडले, शेजाऱ्याची मोटर सापडली. जिना उतरून आलेली माझी पोरगी मला ऐकू आली न्हाई. माझं डोकं चालेना झालंय, अंबिका. आणि गाडी काही लागत न्हाई.

बॅग भरू नको. बदली मागू नको. ये म्हणून मी लिहिलं होतं, आता ते लिहीत न्हाई. मी येऊ का, एवढंच सांग. हळदीच्या दिवशी यावं म्हणतो. आईला घेऊन येईन, तिला लई यायचंय, गाणी तिलाच येतात सगळी. तुझी इच्छा नसली तर तिला एकटीला गाडीत बसवून देतो, राग मानणार न्हाई. मानीन, पण दाखवणार न्हाई.

आणि आलो तर मामांना आधीच सांगून ठेव, हाक मारू नका म्हणावं. पोरी गच्चीवर नाचत असल्या तर नाचू दे. मी खाली गल्लीत, दिसणार न्हाई असा उभा राहीन. पप्पा आले म्हणून कुणी तिला सांगायचं न्हाई. मला थोडा वेळ ऐकू दे.

संगमेश